हळदी-कुंकू बदकाचा संसार

(बी. ए. द्वितीय वर्ष)

माशाच्या पिलाला पोहायला शिकवावे लागत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. बदकाच्या पिलाच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे. अंड्यातून बाहेर पडल्यानंतर एक-दोन दिवसांच्या आतच हे पिलू पाण्यावर तरंगते, पोहते आणि आपले अन्न आपणच टिपू लागते. चिमणी जशी पिलाच्या चोचीत घास घालते, तसे बदकीण करीत नाही. मग साहजिकच प्रश्न पडतो, की पोहायला शिकवायचे नाही, भरवायचेही नाही, तर या आईला काम तरी काय उरते? जवळजवळ दोन महिने ती पिलांच्या मागेपुढे फिरत असते ती कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ग्रंथालयात जे वाचायला मिळाले आणि आमच्या उंद्रीच्या शिवारात जे पाहायला मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बदक म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना गदिमांच्या गीतातले ते कुरूप पिलू आठवते, नाहीतर कोणाच्या तरी अंगणातली पांढरी पाळीव बदके. परंतु आपल्या जिल्ह्यातील तळ्यांवर आणि धरणांवर रानबदकेही असतात. त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग पाहुण्यांचा. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक हे पक्षी हिवाळ्यात उत्तरेकडून येतात, चार महिने राहतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. त्यांचा संसार तिकडे थाटलेला असतो. त्यांची पिले आपल्याला येथे दिसत नाहीत. दुसरा वर्ग घरच्यांचा. अडई, काणूक, नाकट्या आणि हळदी-कुंकू बदक हे आपल्याच देशात राहतात, पाण्याच्या शोधात फार तर या तळ्यावरून त्या तळ्यावर जातात, आणि पावसाळ्यात येथेच अंडी घालतात. म्हणून आईपण पाहायचे असेल, तर या घरच्या बदकांकडेच पाहावे लागते.

नाव आणि रूप

हळदी-कुंकू हे नाव ज्या कोणी ठेवले, त्याची दृष्टी मार्मिक म्हटली पाहिजे. या बदकाची चोच काळी असते. तिच्या टोकाला पिवळाधमक पट्टा असतो, आणि चोच जेथे कपाळाला मिळते तेथे दोन्ही बाजूंना एकेक तांबडा ठिपका असतो. टोकाला हळद आणि कपाळाशी कुंकू! शास्त्रज्ञांनी या पक्ष्याला जे लॅटिन नाव दिले, त्यातील ‘पोइसिलोऱ्हिंका’ या शब्दाचा अर्थही रंगीबेरंगी चोचीचा असाच होतो. म्हणजे परदेशी विद्वानाचे आणि आपल्या खेड्यातल्या माणसाचे लक्ष एकाच ठिकाणी गेले. फक्त आपल्या माणसाला त्यात सवाष्ण बाईचे रूप दिसले.

आकाराने हा पक्षी पाळीव बदकाएवढा, म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटर लांब असतो. अंगावर तपकिरी-करड्या रंगाची खवल्यांसारखी नक्षी, पंखावर चकचकीत हिरवा पट्टा, त्यालगत ठळक पांढरा रंग, आणि पाय तांबूस नारिंगी. अनेक बदकांत नर भडक आणि मादी फिकट असते. या जातीत मात्र नर-मादी दिसायला जवळजवळ सारखीच असतात. मादी किंचित लहान व थोडी फिकी एवढाच फरक. आवाजावरून मात्र ओळखता येते. ‘क्वॅक् क्वॅक्’ असा मोठा, खणखणीत आवाज मादीचा; नराचा आवाज बसका असतो.

हे बदक पाण्यात बुडी मारून तळ गाठणाऱ्यांपैकी नाही. ते उथळ पाण्यात डोके खाली आणि शेपूट वर करून मान पोहोचेल तेथपर्यंतच चरते. पाणवनस्पतींचे कोंब, गवताचे बी, शेतात सांडलेले दाणे हे त्याचे मुख्य अन्न. ही उथळ पाण्याची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे सगळा संसार त्यावरच उभा राहणार आहे.

घरटे पाण्यात नसते

बदक पाण्यात राहते म्हणून त्याचे घरटेही पाण्यात असेल, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात हळदी-कुंकू बदकीण जमिनीवर, दाट गवतात किंवा झुडपाच्या बुडाशी, पाण्यापासून थोड्या अंतरावर घरटे करते. घरटे म्हणजे गवताची एक खोलगट गादी. तिच्यात ती आपल्या छातीची मऊ पिसे उपटून अंथरते. यात दोन गोष्टी साधतात. अंड्यांना ऊबदार बिछाना मिळतो, आणि छातीची उघडी झालेली कातडी अंड्यांना थेट टेकून त्यांना अंगाची ऊब मिळते. चरायला जाताना ती हीच पिसे अंड्यांवर ओढून ठेवते. त्यामुळे अंडी निवतही नाहीत आणि कावळ्याच्या नजरेसही पडत नाहीत.

साधारणपणे सात ते नऊ, क्वचित बारापर्यंत अंडी असतात. बदकीण रोज एक याप्रमाणे अंडी घालते. परंतु शेवटचे अंडे घालून होईपर्यंत ती उबवायला बसत नाही. यामागचे गणित सोपे आहे. समजा नऊ अंडी आहेत. पहिल्या दिवसापासून उबवायला बसले, तर पहिले पिलू शेवटच्या पिलाच्या आठ दिवस आधी बाहेर पडेल. एक पिलू पाण्याकडे पळायला निघाले आहे आणि आठ भावंडे अजून अंड्यात आहेत, अशा वेळी आईने कोणाकडे पाहावे? सर्व अंडी घालून झाल्यावर उबवायला सुरुवात केली, की सुमारे २४ दिवसांनी सगळी पिले एकाच दिवशी बाहेर येतात, आणि संपूर्ण कुटुंब एकदम घर सोडू शकते.

या सगळ्या काळात नराचा उबवण्यात काहीही वाटा नसतो. या जातीचा नर पुढे कधीकधी पिलांच्या आसपास दिसतो. पण ऊब देणे आणि राखण करणे ही कामे आईचीच.

अंड्यातच ऐकू येणारी हाक

पक्ष्यांच्या पिलांचे दोन प्रकार आहेत. चिमणी, साळुंकी, कावळा यांची पिले जन्मतः उघडी, आंधळी आणि असहाय असतात. त्यांना घरट्यात बसवून आईबापांनी भरवावेच लागते. कोंबडी, लावा, टिटवी, बदक यांची पिले डोळे उघडे ठेवून, अंगावर दाट लव घेऊनच जन्माला येतात आणि लवकरच चालू लागतात. पहिल्या प्रकारात पिलू घरट्याला बांधलेले असते. दुसऱ्या प्रकारात ते आईला बांधलेले असते. घरटे सोडून मोकळ्या जगात निघालेल्या पिलाला आई कोण हे कळलेच पाहिजे, नाहीतर त्याचा निभाव लागणार नाही.

हे कसे कळते, याचा अभ्यास ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कॉन्राड लोरेन्झ यांनी केला. हंसाची पिले अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही तासांत जी हलणारी वस्तू पाहतात, तिलाच आई मानून तिच्यामागे जातात, असे त्यांनी दाखवून दिले. हंसाची पिले स्वतः लोरेन्झ यांच्याच मागे रांगेने फिरत. रानबदकाची पिले मात्र नुसते पाहून मागे येईनात. तेव्हा लोरेन्झ गवतातून ओणव्याने चालत बदकिणीसारखा आवाज काढीत राहिले, आणि मग पिले त्यांच्यामागे आली. प्राण्यांच्या वर्तनावरील संशोधनासाठी त्यांना १९७३ साली निको टिनबर्गन आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

बदकाच्या पिलाला आवाज इतका महत्त्वाचा का, याचा शोध पुढे अमेरिकेतील गिल्बर्ट गॉटलीब या मानसशास्त्रज्ञाने घेतला. यंत्रात उबवलेली, आईचा आवाज एकदाही न ऐकलेली बदकाची पिलेसुद्धा कोंबडीच्या हाकेपेक्षा बदकिणीच्या हाकेकडेच धावतात, असे त्यांना आढळले. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की बाहेर पडण्यापूर्वीच पिलू अंड्यात बारीक आवाज काढू लागते, आणि तो स्वतःचा व भावंडांचा आवाज ऐकल्यामुळेच त्याचा कान आईच्या हाकेसाठी तयार होतो. तो आवाज त्याला ऐकू दिला नाही, तर ही पारख बिघडते. म्हणजे नाते नुसते रक्ताने जन्मत नाही. ऐकण्यातून ते घडते, आणि त्याची सुरुवात कवच फुटण्यापूर्वी होते.

आपल्या खेड्यांत खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवण्याची पद्धत आहे. पिले निघाली की कोंबडीच्या मागे फिरतातही. परंतु पाणी दिसताच ती त्यात उतरतात आणि बिचारी कोंबडी काठावर घिरट्या घालीत ओरडत बसते. पोहणे उपजत असते आणि आई कोण हे अनुभवाने ठरते, या दोन्ही गोष्टी त्या एका देखाव्यात दिसतात.

उंद्रीच्या तळ्यावरील नोंदी

आमचे उंद्री हे गाव चिखली तालुक्यात, चिखली-खामगाव रस्त्यावर आहे. शिवार काळ्या मातीचे. खरिपात सोयाबीन, तूर, कपाशी. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामांतून ठिकठिकाणी पाझर तलाव व नालाबांध झाले. तसलेच एक लहानसे तळे आमच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. उन्हाळ्यात ते जवळजवळ कोरडे पडते आणि श्रावणात भरते. आमच्या घरी शेळ्या आहेत. सुटीच्या दिवशी आणि सकाळी कॉलेजची एस. टी. गाठण्यापूर्वी माझी माय आणि मी त्या तळ्याकडे नेत असू. २०२४ च्या पावसाळ्यात तेथेच हळदी-कुंकू बदकिणीचे कुटुंब पाहायला मिळाले. तेव्हा टिपून ठेवलेल्या गोष्टींपैकी काही येथे देते.

१८ ऑगस्ट रोजी सकाळी बदकीण पहिल्यांदा पिलांसह दिसली. पिले नऊ. पाठीवर गडद तपकिरी, पोटाकडे पिवळसर, डोळ्यावरून एक काळी रेघ. आई पुढे आणि पिले तिच्यामागे दाटीने. काठाजवळच्या लव्हाळ्यात ती शिरली, तेव्हा पिले पसरली आणि पाण्यावरचे किडे झपाट्याने टिपू लागली. आई टिपत नव्हती. मान उंच करून उभी होती. तेव्हा माय म्हणाली, “पाह्य व, थे भरवत नाही त्याइले. नुस्ती संगं हिंडते अन् चहूकडं पाह्यते.” मायने हे एका दृष्टिक्षेपात सांगितले. पुढे पंधरा दिवसांनी मी ग्रंथालयातील पुस्तकात तेच वाचले.

पिलांचे आणि मोठ्या बदकांचे अन्न सुरुवातीला वेगळे असते, हेही त्यातूनच कळले. मोठी बदके बहुतांशी शाकाहारी. पण पिलांना अंग भरण्यासाठी आणि पिसे उगवण्यासाठी प्रथिने लागतात. म्हणून पहिले काही आठवडे त्यांचा भर किडे, अळ्या, बारीक गोगलगाई यांवर असतो. आई त्यांना हे आणून देत नाही. जेथे ते आहे तेथे नेते. तळ्याच्या मध्यभागी, खोल पाण्यात असे अन्न पिलाच्या चोचीला मिळत नाही. ते मिळते काठच्या वीतभर पाण्यात, गवताच्या मुळांशी.

२१ ऑगस्टला मोठी सर आली. बदकीण काठावरच्या गवतात जाऊन बसली, आणि पाहता पाहता नऊही पिले तिच्या पोटाखाली व पंखांखाली दिसेनाशी झाली. अंगावरची लव दिसायला दाट असली, तरी लहान पिलाला अजून आपली ऊब आपण राखता येत नाही. भिजलेले आणि गारठलेले पिलू थोड्या वेळातच मरते. पाऊस थांबल्यावर आई उठली, तेव्हा पिले कोरडी होती आणि तिची पाठ निथळत होती.

२५ ऑगस्टला तळ्यावर घार फिरू लागली. बदकिणीने एक वेगळाच, तुटक आवाज काढला. क्षणात सगळी पिले बेशरमाच्या झुडपाखाली. पाणी शांत झाले. घार दोन घिरट्या घालून गेली, तरी पिले हलली नाहीत. आईने दुसरा, मऊ आवाज काढल्यावरच ती बाहेर आली. एका हाकेचा अर्थ ‘लपा’ आणि दुसरीचा ‘या’. ही बोली पिलांना दहा दिवसांच्या आत पक्की झाली होती.

२९ ऑगस्टला पिले सात होती.

१ सप्टेंबरला दोन मोकाट कुत्री काठाने आली. पिले पाणकणसात शिरली. बदकीण मात्र लपली नाही. एक पंख लोंबता सोडून, जणू तो मोडला आहे अशी फडफडत ती उलट्या दिशेने काठाकाठाने जाऊ लागली. कुत्री पिलांना विसरून तिच्यामागे धावली. तळ्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचल्यावर ती सरळ उडाली, मोठा वळसा घेऊन परत आली आणि पाणकणसाजवळ उतरली. जमिनीवर घरटे करणाऱ्या पुष्कळ पक्ष्यांत हे सोंग आढळते. टिटवीचे हे वागणे गुराख्यांना ठाऊकच असते.

१५ सप्टेंबरपर्यंत पिले पाच उरली. आता त्यांच्या अंगावर खरी पिसे दिसू लागली होती. आई थोडी दूर राहू लागली. पिलांच्या मध्ये नव्हे, कडेला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली. माणसांची, मळणीयंत्राची, ट्रॅक्टरची वर्दळ वाढली. तरी कुटुंब तेथेच होते, कारण पिलांचे पंख अजून पुरे झाले नव्हते. १३ ऑक्टोबरला पाचही पिले पाण्यावरून उठली, बांधावरून एक चक्कर मारली आणि पुन्हा उतरली. त्यानंतर चार दिवसांनी तळे रिकामे होते.

नवातून पाच, हा हिशेब वाईट वाटतो. पण रानबदकांत तो चांगलाच म्हणायला हवा. मुंगूस, घोरपड, साप, घार, कुत्री, पाण्यातील मरळ मासा अशा अनेक तोंडांतून वाचून ही पिले मोठी व्हायची असतात. अंडी एवढी का घालायची, याचे उत्तर त्यातच आहे.

आईचे काम

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. भरवणे नाही, शिकवणे नाही, मग आई काय करते? माझ्या समजुतीप्रमाणे तिची कामे तीन. ऊब देणे, इशारा देणे आणि जागा निवडणे. पहिली दोन कोणाच्याही लक्षात येतात. तिसरे काम सहज दिसत नाही, आणि तेच सर्वांत मोठे आहे. घरटे कोणत्या गवतात करायचे, पिलांना कोणत्या वाटेने पाण्यावर न्यायचे, कोणत्या काठाला चरायचे, धोका आला तर कोणत्या झुडपात शिरायचे, हे तिला आधी ठाऊक असावे लागते. पिलू अन्न स्वतः टिपते, पण अन्न असलेल्या जागी ते आईमुळे पोहोचते.

हे लिहिताना घरची गोष्ट मनात येते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. मायला अक्षरओळख नाही. माझ्या पुस्तकातील एक ओळही तिने मला शिकवलेली नाही, आणि ती शिकवू शकणारही नव्हती. परंतु पहाटे उठवणारी, एस. टी. च्या वेळेपूर्वी भाकरी बांधून देणारी, ‘पोरीले कायले इतकं शिकवता’ म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तर देणारी तीच. शिकणे माझे मलाच करायचे होते. शिकता येईल अशा जागी तिने नेऊन सोडले. या महाविद्यालयात माझ्यासारखी पुष्कळ मुले-मुली आहेत. त्यांना वेगळे सांगायला नको.

काठ राहिला तर

जागा निवडणे हे आईचे मुख्य काम असेल, तर निवडायला जागा शिल्लक असली पाहिजे. येथे बदकिणीचा प्रश्न संपतो आणि आपला सुरू होतो.

पिले तळ्यावर आल्यानंतर काही दिवसांनी आम्हाला तिचे रिकामे घरटे सापडले. ते तळ्यापासून साठेक पावलांवर एका शेताच्या धुऱ्यावर होते. गवतात पिसांची गादी, कवचांचे तुकडे आणि एक न फुटलेले अंडे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. तो धुरा वाचला होता, कारण त्या शेतकरीकाकांनी शेळ्यांच्या चाऱ्यासाठी तेथले गवत राखले होते. आजूबाजूच्या बहुतेक धुऱ्यांवर तणनाशक मारलेले होते. गवत पिवळे पडून भुईसपाट झाले होते. निंदणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून शेतकरी तणनाशकाकडे वळतो. त्याला दोष देता येणार नाही. पण पिकात फवारणे वेगळे आणि धुऱ्यावर फवारणे वेगळे. धुऱ्यावरचे गवत पिकाचे अन्न फारसे खात नाही. ते माती धरून ठेवते, जनावरांना चारा देते आणि पावसाळ्यात कितीतरी पक्ष्यांना घर देते.

दुसरी गोष्ट तळ्याच्या काठाची. २०१७ पासून महाराष्ट्रात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर महामार्गाच्या कामासाठी तळ्यांतील माती काढून त्याच वेळी तळी खोल करण्याचा प्रयोग झाला आणि त्याची राज्यभर चर्चा झाली. या कामांचा फायदा डोळ्यांनी दिसतो. तळ्यात पाणी जास्त साठते, विहिरींना पाझर मिळतो, खडकाळ शेतात गाळ पडला की पीक सुधारते. पाण्यासाठी पायपीट केलेल्या गावाने या कामाला नाव ठेवणे शोभणार नाही. परंतु गाळ काढताना यंत्राने काठ सरळ उभा कापला, तर तळे विहिरीसारखे होते. पाणी वाढते, पण वीतभर खोलीचा उतार नाहीसा होतो. तेथे लव्हाळा उगवत नाही, किडे-अळ्या राहत नाहीत, आणि पिलाला काठावर चढून आईच्या पोटाखाली शिरता येत नाही. आमच्या तळ्याची एक बाजू अशीच उभी कापलेली आहे. पिलांना घेऊन बदकीण त्या बाजूला गेलेली एकदाही दिसली नाही. तिचे दोन्ही महिने उतरत्या काठाच्या बाजूलाच गेले.

यावर उपाय खर्चाचा नाही. गाळ मधून काढावा आणि निदान एका बाजूचा काठ उताराचाच राहू द्यावा. त्या काठावरील पट्टाभर गवत व पाणकणीस जुलै ते ऑक्टोबर एवढे चार महिने कापू-जाळू नये. तळ्यालगतच्या धुऱ्यांवर तणनाशक मारू नये. तळ्याचे पाणी, गावाचा गाळ आणि बदकाचा काठ ही तिन्ही एकाच तळ्यात मावतात. फक्त काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत कोणीतरी हे बोलले पाहिजे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानबदकांना मारणे, पकडणे, त्यांची अंडी काढून नेणे हा गुन्हा ठरवला आहे. तो कायदा हवाच. आपल्याच जिल्ह्यातील लोणार सरोवराचा २०२० साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत समावेश झाला, याचाही आपल्याला अभिमान आहे. पण हळदी-कुंकू बदकिणीचे पिलू कोणत्याही यादीत नाव नसलेल्या तळ्यातही वाढते. ज्या तळ्यात दुपारी म्हशी बसतात, काठावर बाया धुणे धुतात, त्याच तळ्यात सकाळी ती नऊ पिले घेऊन उतरते. हा पक्षी आज दुर्मीळ नाही, म्हणूनच त्याच्याकडे लक्ष द्यायची वेळ आज आहे. दुर्मीळ झाल्यानंतर अभयारण्ये करावी लागतात. त्याआधी नुसता धुरा राखला तरी पुरते.

मारुती चितमपल्ली यांनी नवेगाव बांधच्या परिसरात राहून पक्ष्यांविषयी जे ज्ञान मिळवले, त्यात जंगलातील साध्या, अशिक्षित माणसांनी सांगितलेल्या गोष्टींचा त्यांनी नेहमी आदराने उल्लेख केला. आपल्यापैकी बहुतेक जण खेड्यांतून येतो. प्रत्येकाच्या गावाला एक तळे आहे, आणि त्या तळ्यावर रोज जाणारे एखादे वडीलधारे माणूस आहे. पुढच्या पावसाळ्यात त्या माणसाबरोबर एक तास काठावर बसावे. हातात वही असावी आणि बोलणे कमी असावे. बदकांना पाव किंवा पोहे टाकू नयेत. त्यांना आपल्या अन्नाची गरज नाही. पिले किती, आई कोणत्या काठाला नेते, कोठे लपवते, एवढे टिपून ठेवले तरी त्या गावात तळ्याचे काम निघेल तेव्हा कोणता काठ राखायचा, हे सांगणारा एक माणूस तयार होईल. आपल्या शिक्षणाचा गावाला असाही उपयोग व्हावा, असे मला मनापासून वाटते.